जात्याचा खुंटा कोणी सोडवला?

१/७
कॉफीच्या स्वस्त हातचक्कीचा दांडा काढून त्या जागी ड्रिल मशीन जोडण्याची खटपट आज हौशी मंडळी घरोघरी करतात. दळण हातावाचून कसे व्हावे, हा त्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे. मराठवाड्यात त्याचे एक उत्तर पाण्याने दिले.

२/७
बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीजवळ पावसाळ्यात धबधबा कोसळतो. अशा पडत्या पाण्यात दगड फिरवण्याचे बळ असते. औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात तेच बळ कामी आले. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून तेथे पाणचक्की चालवली गेली. तिचे पीठ दर्ग्यातील फकिरांच्या व यात्रेकरूंच्या अन्नासाठी होते.

३/७
यंत्राचे तत्त्व जात्याचेच होते. खालची तळी स्थिर, वरची फिरती आणि दाणा मधल्या फटीत. बदलली ती केवळ फिरवणारी शक्ती.

४/७
मठाला चक्की मिळाली, तरी घरातले जाते बाईच्याच हाती राहिले. पहाटेच्या अंधारात उठायचे, खुंटा धरायचा आणि ओवी गात दळायचे. जनाबाईसोबत विठ्ठल दळू लागतो, ही कथा घरोघरी रुजली, कारण दळताना मदतीला दुसरे कोणी येत नसे.

५/७
१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विसाव्या शतकात इंजिनाच्या पट्ट्यावर आणि पुढे विजेच्या मोटरीवर पिठाच्या गिरण्या गावोगावी सुरू झाल्या. दळणाचा डबा डोक्यावर आला, पण खुंटा सुटला.

६/७
त्यानंतर घरघंटी आली आणि मोटर थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. बहुतेक घरघंट्यांत दगडही उरला नाही. वेगाने फिरणारी पाती दाणे फोडतात आणि पीठ जाळीतून गळते. वेग वाढला की घर्षणाने उष्णता वाढते, म्हणून गिरणीतले पीठ गरम येते. हात हळू फिरत असल्याने जात्यावर ती अडचण नव्हती. हातचक्कीला ड्रिल जोडणाऱ्यालाही म्हणूनच वेग आवरावा लागतो.

७/७
जाते थांबले तशी ओवीही थांबू लागली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचून हळहळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाण्यावर फिरणारी चक्की अठराव्या शतकातच मराठवाड्यात होती. घरातल्या जात्याला आणखी दोन शतके लागली, कारण तिथले श्रम फुकट धरले जात होते.