बावचीपासून नॅनोकणांपर्यंत : उजेडात जागं होणारं औषध

प्रकाशाने चालू होणारं नॅनो औषध आलं, आता कॅन्सरला ऑपरेशन नको, असले मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतात. कल्पना खोटी नाही. पण ती किती जुनी आहे आणि कुठे अडलीय, हे सांगणारं त्यात काही नसतं.

कोडावर बावची लावून उन्हात बसायचं, हा उपाय आपल्याकडे शतकानुशतकं आहे. बावचीतलं सोरालेन अंधारात जवळपास गप्प असतं. उन्हातले अतिनील किरण पडले की पेशींच्या डीएनएला चिकटतं. औषध अंगात, बटण बाहेर! १९८७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड एडलसन यांनी सोरालेनच्याच जातीचं औषध त्वचेच्या एका कॅन्सरवर वापरलं. रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, पांढऱ्या पेशींवर किरण टाकायचे आणि परत अंगात सोडायचं.

दुसरी वाट जर्मनीतली. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की अॅक्रिडीन रंगाने सूक्ष्मजीव किती लवकर मरतात ते उजेडावर ठरतं. १९०३ मध्ये त्याचे गुरू टॅपायनर यांनी त्वचेच्या गाठींना इओसिन फासून त्यावर प्रकाश टाकला. १९१२ मध्ये मेयर-बेट्झ या डॉक्टरने तर असलं द्रव्य स्वतःलाच टोचून घेतलं आणि उन्हात गेल्यावर त्याचं तोंड सुजलं. अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात हे नीट उपचारात आणलं, आणि फोटोफ्रिनला पहिली मंजुरी मिळाली १९९३ मध्ये, कॅनडात. राबच्या प्रयोगाला तोवर नव्वद वर्षं झाली होती. शिवाय औषध घेतल्यावर किमान महिनाभर ऊन टाळायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हे कसं जमणार?

औषध सगळ्या अंगात पसरतं, ही खरी अडचण. म्हणून नॅनोकण आले. औषध कणात भरायचं, कण गाठीत साठू द्यायचे, मग तिथेच प्रकाश टाकून उघडायचे. असे कण अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहेत. २००३ मध्ये ह्यूस्टनच्या नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सोन्याचा मुलामा दिलेले कण दाखवले. त्यांत औषध नव्हतं, लेसरने तापून तेच गाठ भाजायचे. २०१९ मध्ये प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरचा पहिला अहवाल आला. तिथेही लेसरची तार सुईवाटे आत न्यावी लागली, कारण बाहेरून टाकलेला प्रकाश एक-दोन सेंटिमीटरपलीकडे फारसा उपयोगाचा राहत नाही.

चुंबकाला ही अडचण नाही. आपल्या कसबा बावड्यात डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने चुंबकीय नॅनोकण तापवून कॅन्सरपेशी मारण्यावर काम केलं, त्याचे शोधनिबंध निघाले. गावात याची चर्चा किती झाली? नगण्य.

तोंडाच्या कॅन्सरपर्यंत मात्र प्रकाश पोचतो, आणि मावा-तंबाखूमुळे आपल्याकडे तोच भरपूर. सप्टेंबर २०२० मध्ये जपानने डोक्या-मानेच्या कॅन्सरवर लेसरने जागं होणारं औषध मंजूर केलं. त्यात नॅनोकण नाहीत, अँटिबॉडीला जोडलेला रंग आहे. आणि ते मंजूर झालंय ऑपरेशन शक्य नसलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. ज्याची गाठ आज काढता येते त्याला मेसेज वाचून थांबवू नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तर तुकडा तपासायला द्या.