एकशे तेवीस आणि एकशे चोवीस

माणसाने आयुष्यात काहीतरी जमवावं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. शहाण्यांनी प्लॉट जमवले, रसिकांनी मैफिली जमवल्या. मी कव्हरं जमवली. आणि तीही इंद्रजाल कॉमिक्सची. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की या वयात निदान आतली पानं तरी वाचावीत, नुसती कव्हरं पाहत बसणं हे लक्षण काही बरं नाही. पण कव्हर पाहणं ही वेगळी विद्या आहे, हे तिला पटत नाही. लग्नाच्या वेळी तिनेही माझं कव्हरच पाहिलं होतं, हे मी तिला एकदाच ऐकवलं. त्या रात्री पिठलं मिळालं.

तर इतिहास असा. ली फॉक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३४ साली जादूगार मँड्रेक आणि १९३६ साली फँटम ही दोन पात्रं वर्तमानपत्रांसाठी जन्माला घातली. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. त्यात फँटमच्या पट्ट्याची गोष्ट होती. पुढे अमर चित्रकथा काढणारे अनंत पै त्या वेळी तिथेच होते. मराठीत फँटमचा झाला ‘वेताळ’. आता आमच्या विदर्भात वेताळ म्हणजे गावाबाहेरचा, शेंदूर माखलेला, नारळ मागणारा. हा वेताळ मात्र कवटीच्या गुहेत राहायचा, पांढऱ्या घोड्यावर बसायचा आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी विजारीवरून घालायचा. आमच्या आजीने एकदा चित्र पाहून ‘हा कोण रे पहेलवान?’ असं विचारलं. वेताळ आहे म्हटल्यावर तिने अंकाला नमस्कार केला आणि तो देवघराशेजारी ठेवून दिला. माझ्या संग्रहातला सर्वांत स्वच्छ राहिलेला अंक तोच.

आतली चित्रं अमेरिकेहून यायची. मूळच्या वर्तमानपत्री पट्ट्या कापूनकुपून पानांत बसवलेल्या असायच्या, आणि आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून वेताळाच्या देशाचं नावही बदलून ‘डेंकाली’ केलेलं. पण कव्हर इथलं होतं, स्वतंत्रपणे रंगवलेलं. सुरुवातीच्या अंकांची बरीचशी कव्हरं गोविंद ब्रह्मनिया या चित्रकाराची. हे नाव मला चाळिशीत कळलं. लहानपणी आम्हांला वाटायचं, वेताळ स्वतःच काढून पाठवत असावा. आतल्या पानांत रंग रेषेबाहेर सांडलेले. डोळा एकीकडे, बुबुळ दुसरीकडे. आणि कव्हरावर? अंधारातून येणारा उजेड, झाडांच्या मुळ्या, घोड्याच्या मानेवरचा घाम! आतल्या गोष्टीत नाही एवढं जंगल त्या एका कागदावर होतं. वेताळाचे कपडे अमेरिकेत जांभळे, स्वीडनमध्ये निळे आणि इटलीत तांबडे आहेत, असं पुढे वाचनात आलं. एकाच माणसाचे इतके धोबी पाहून माझी मान आदराने खाली गेली.

नागपूरच्या पोराचं भाग्य असं, की मुंबई–हावडा आणि दिल्ली–मद्रास हे दोन्ही मार्ग आमच्या स्टेशनाजवळ एकमेकांना छेदतात. मुंबईचा वेताळ पश्चिमेकडून यायचा आणि मद्रासचा ‘चांदोबा’ दक्षिणेकडून. चांदोबातही विक्रमाच्या खांद्यावर वेताळ होताच, शंकर यांनी चितारलेला. म्हणजे दोन वेताळांची गाठ पडायला नागपूरसारखी जागा नाही. शिवाय आमच्याकडे हिंदी आणि मराठी दोन्ही अंक शेजारीशेजारी टांगलेले. चित्र तेच, फक्त हिंदीत ‘वेताल’ आणि मराठीत ‘वेताळ’. आमच्या मराठीच्या मास्तरांना छड्या मारून जो फरक शिकवता आला नाही, तो एका कव्हराने शिकवला.

एवढी कव्हरं छापली गेली, मग गेली कुठे? त्यांचे तीन शत्रू होते. पहिला बायंडर. दहा अंक एकत्र शिवून आणावेत, तर हा गृहस्थ कव्हरं फाडून टाकी आणि वर करडा पुठ्ठा चढवून शाळेच्या हजेरीपटासारखं बाड हाती देई. दुसरा शत्रू जून महिना. शाळा उघडली की भूगोलाच्या पुस्तकाला वेताळाचं कव्हर. तिसरा आई. तिला फळीवर अंथरायला कागद लागे. कितीतरी वर्षं आमच्या मिठाच्या बरणीखाली मँड्रेक पडून होता. एवढा जादूगार, पण त्याला काही तिथून सुटता आलं नाही.

मी मात्र ट्रंक केली होती. तिच्यात अंक नंबरवार लावलेले, डांबराच्या गोळ्यांसह. १९७२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मोजदाद केली, तेव्हा एकशे बावीसनंतर एकदम एकशे पंचवीस! मधले दोन गायब. घरात ट्रंकेला हात लावणारा दुसरा इसम एकच : आमचे धाकटे बंधुराज, वय वर्षे नऊ. मी सरळ वडिलांच्या कोर्टात फिर्याद नेली.

‘‘कोणी घेतले बे?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘मी नाही घेतले, आईशपथ,’’ धाकटा म्हणाला.

आमच्या वडिलांच्या न्यायशास्त्रात शपथ हा गुन्ह्याचा सबळ पुरावा होता. वेताळाच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर कवटीचा शिक्का उठतो, तो कधी पुसला जात नाही. धाकट्याच्या गालावर पाच बोटं उठली. ती संध्याकाळपर्यंत पुसली गेली असावीत, असं मी पुढली कित्येक वर्षं धरून चाललो.

आम्ही मोठे झालो. १९७६ साली इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा देशी ‘बहादूर’ आला. भगवा कुडता, निळी जीन्स, चंबळचे डाकू. चित्रं पुन्हा गोविंदांचीच. मीही तसा कुडता शिवला आणि कॉलेजात सगळे मला ‘महाराज’ म्हणू लागले. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. तेव्हापासून बर्डीच्या फुटपाथवर उकिडवं बसून, भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून मी ते दोन अंक शोधतो आहे. ‘‘एकशे तेवीस आहे का?’’ असं विचारलं, की जुनी पुस्तकं विकणारा दुरूनच मान हलवी. एकदा म्हणाला, ‘‘काका, दुसरा कोणताही नंबर सांगा ना! तुम्ही एकाच नंबरच्या मागे काहून लागून राहिले?’’

घरी भाऊबीज, लग्नं, मुंजी होत होत्या. धाकटा अमरावतीला नोकरीला लागला. आणि दर कार्यात, जेवणं झाल्यावर, चारचौघांत मी विनोदाने म्हणायचो, ‘‘याला जपून हं, याने माझे दोन वेताळ पळवले आहेत!’’ सगळे हसायचे. तोही हसायचा. जरा उशिरा हसायचा, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात याच रोगाने पछाडलेल्या एका सज्जनाशी ओळख झाली. आठशेच्या वर निघालेल्या इंद्रजाल अंकांचा हिशेब त्यांना तोंडपाठ. मी माझं दुःख सांगितलं. ते गंभीर झाले.

‘‘एकशे तेवीस आणि एकशे चोवीस ना? नाही मिळणार.’’

‘‘इतके दुर्मिळ आहेत?’’

‘‘निघालेच नाहीत! तेव्हा संप होता. ते दोन नंबर छापलेच गेले नाहीत. एकशे बावीसनंतर एकशे पंचवीस.’’

घरी येऊन मी ट्रंक उघडली. माझा संग्रह पन्नास वर्षं पुरा होता आणि मी त्याला भोकाचा समजत होतो. पण मला आनंद काही होईना. मला एक नऊ वर्षांचा गाल दिसत होता.

रात्री अमरावतीला फोन लावला. सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, ‘‘बाबू, माझं चुकलं.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, ‘‘दादा, मी तेव्हाच सांगून राहिलो होतो ना, मी नाही घेतले म्हणून!’’

‘‘हो रे.’’

‘‘पण आता तू फोन केलाच आहेस, तर सांगतो. सत्तेचाळीस नंबर मात्र मीच घेतला होता. मार खाल्ला, तर म्हटलं निदान एक तरी अंक घ्यावा.’’

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं नुसतं कव्हर. मागे चिठ्ठी : ‘‘आतली पानं पोराने लहानपणी फाडली. पण मला कव्हरच आवडायचं.’’ शेवटी खानदानी रोग निघाला!

मी ते ट्रंकेत ठेवलं आणि हिला अभिमानाने सांगितलं, की आता खातं चुकतं झालं. ती म्हणाली, ‘‘कसलं चुकतं? त्या सत्तेचाळीस नंबरसाठी तुम्ही रद्दीवाल्याला चोर म्हणून दारातून हाकललं होतंत ना? तुम्हीच सांगितलं होतं मला.’’

खरं आहे. सायकलला तराजू टांगून येणारा तो म्हातारा. पुन्हा कधी आमच्या गल्लीत आला नाही. त्याला कुठे फोन लावू?