एडनचा कैदी : वासुदेव बळवंत फडके यांची अखेरची तीन वर्षे #थ्रेड

१/ १३ ऑक्टोबर १८८०. एडनच्या तुरुंगातील एका मराठी कैद्याने कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडले आणि तो बाहेर पडला. पुढे होते ते परके वाळवंट, परकी भाषा आणि परके लोक. थोड्याच वेळात तो पुन्हा पकडला गेला. या कैद्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. त्यांचे बंड पुष्कळांना ठाऊक असते. त्यांची शिक्षा मात्र दोन ओळींत उरकली जाते. हा धागा त्या शिक्षेविषयी.

२/ फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाला. आई अत्यवस्थ असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेटही झाली नाही, ही हकिकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते.

३/ पुण्यात त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची स्वदेशीवरील व्याख्याने ऐकली, लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्येचे धडे घेतले आणि वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह शाळा काढली. तोवर हा मार्ग सभा, शाळा आणि व्याख्याने यांचाच होता. १८७६-७७ च्या दुष्काळाने तो बदलला. गावोगावची उपासमार पाहिलेल्या या कारकुनाला अर्ज-विनंत्यांवर विश्वास ठेवणे अशक्य झाले.

४/ फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पुणे सोडले. २३ फेब्रुवारीला धामारी येथे पहिला दरोडा पडला. लुटीच्या पैशातून सैन्य उभारावयाचे, टपाल व दळणवळण तोडावयाचे आणि सरकार खिळखिळे करावयाचे, अशी योजना होती. दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी साथीदार हे या बंडाचे खरे बळ. मे महिन्यात कोकणातील धाडींनंतर दौलतराव चकमकीत मारले गेले आणि बंडाचा कणाच मोडला.

५/ सरकारने फडके यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर केले. त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच मस्तकावर इनाम लावले! मात्र बळ सरले होते. श्रीशैल मल्लिकार्जुनास जाऊन आल्यावर रोहिल्यांची नवी फौज उभारण्याच्या खटपटीत असताना, जुलै १८७९ मध्ये, देवर नावदगी येथे तापाने थकून निजलेले असता मेजर डॅनियलने त्यांना पकडले.

६/ खटला पुण्यात, संगमाजवळच्या न्यायालयात चालला. सार्वजनिक काका अर्थात गणेश वासुदेव जोशी आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी बचाव केला. सर्वांत जड ठरलेला पुरावा मात्र आरोपीच्या स्वतःच्याच हातचा होता. फडके यांनी रोजनिशी आणि आत्मवृत्त लिहून ठेवले होते. तेच सरकारने त्यांच्यापुढे ठेवले. आज इतिहासकारांना फडके यांचे मन ज्यातून कळते, तो मजकूर दप्तरात जपला गेला तो त्यांना दोषी ठरविण्यासाठी.

७/ ७ नोव्हेंबर १८७९ रोजी निकाल लागला : जन्मठेप, तीही समुद्रापार. येथे थोडे मागे जाऊ. सीमापारीची ही शिक्षा ब्रिटिश साम्राज्याचे जुने हत्यार. इंग्लंड-आयर्लंडचे कैदी ऑस्ट्रेलियास जात. हिंदुस्थानचे कैदी पेनांग, सिंगापूर आणि १८५८ पासून अंदमानास. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म, जात, घर सारेच गमावणे, अशी येथील समजूत. म्हणून तर तिचे नाव ‘काळे पाणी’.

८/ फडके यांना मात्र अंदमान मिळाले नाही. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला आणण्यात आले. एडन इंग्रजांनी १८३९ साली घेतले होते आणि ते १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होते. म्हणजे कागदोपत्री हा कैदी आपल्या इलाख्यातच राहिला. प्रत्यक्षात अरबी समुद्रापलीकडच्या एका रखरखीत, ज्वालामुखीच्या खडकावर पोहोचला.

९/ हा फरक महत्त्वाचा आहे. अंदमानात हजारो हिंदी कैदी होते. काही वर्षे निभावली की तेथे वसाहतीत राहण्याची, शेती करण्याची, क्वचित संसार मांडण्याचीही मुभा मिळे. शिक्षा भयंकरच, पण तिच्यात माणसांचा सहवास होता. एडनमध्ये ती वसाहत नव्हती. जन्मठेपेचा अर्थ तेथे कोठडी, एवढाच होता.

१०/ याच काळातील आयरिश कैद्यांची कथा शेजारी ठेवून पाहावी. १८६८ च्या जानेवारीत ‘हूगोमाँट’ हे जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले. त्यावर ६२ फेनियन म्हणजे आयरिश क्रांतिकारक होते. १८७६ साली त्यांपैकी सहा जण ‘कटाल्पा’ या अमेरिकन जहाजातून निसटले. त्यासाठी अमेरिकेतील आयरिश लोकांनी वर्गणी जमविली, जहाज घेतले आणि आपला माणूस व्यापाऱ्याच्या वेषात आधीच फ्रीमँटलला धाडला.

११/ आता एडनचे ते उखडलेले दार पुन्हा आठवावे. धैर्यात फडके त्या सहा जणांहून उणे नव्हते. उणीव होती ती बाहेरच्या व्यवस्थेची. किनाऱ्यावर जहाज नव्हते, वाट दाखविणारा नव्हता, परदेशी वर्गणी जमविणारा समाज नव्हता. फेनियनांच्या मागे एक संघटना उभी होती. फडके यांची संघटना त्यांच्या आधीच संपली होती. तुरुंगातून बाहेर पडणे एका माणसाला साधते, सुटणे मात्र एकट्याला साधत नाही.

१२/ यानंतर बंदोबस्त अधिकच कडक झाला. प्रकृती ढासळत गेली. अन्नत्यागाचाही मार्ग त्यांनी पत्करला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी एडनमध्येच त्यांचा अंत झाला. पत्नी गोपिकाबाई इकडेच राहिल्या होत्या. त्यांना फडके यांनी लिहावयास-वाचावयास आणि घोड्यावर बसावयासही शिकविले होते.

१३/ फडके यांचे बंड लष्करीदृष्ट्या काही महिन्यांतच मोडले, हे खरे. पण पुढच्या पिढीने त्यातून दोन गोष्टी घेतल्या : पुण्यातला एक कारकूनही साम्राज्याला आव्हान देऊ शकतो, आणि त्या आव्हानामागे माणसांची भक्कम फळी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी गुप्त मंडळे निघाली आणि परदेशातही केंद्रे उभी राहिली, तेव्हा ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात घेतली गेली होती.

१४/ पुण्यात संगम पुलाजवळ, गुन्हे अन्वेषण विभागाच्या आवारात, फडके यांना ठेवले होते ती कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे. तेथून रोज हजारो वाहने जातात. पुढच्या वेळी तो पूल ओलांडताना क्षणभर तिकडे पाहावे. एडनकडे जाणारी वाट तेथूनच सुरू झाली होती.

(समाप्त)