पडताळणी करणाऱ्यांची पडताळणी : स्नोप्सच्या इतिहासातून संशोधकाने काय घ्यावं?

‘किती टक्के चालतं?’ वाङ्मयचौर्याचा विषय निघाला की कोर्सवर्कच्या वर्गात पहिला प्रश्न हाच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याचे टप्पे ठरवून दिलेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४०, मग ६० आणि साठच्या वर गेलात तर थेट नोंदणी रद्द. त्यामुळे वाङ्मयचौर्य म्हणजे सॉफ्टवेअरमधून काढायचा एक आकडा, अशी आपली समजूत होऊन बसते. पण उचलेगिरीने नक्की काय बिघडतं? मजकूर खरा असेल, वाचकाला त्यातून योग्य माहिती मिळाली असेल, तर नुकसान कोणाचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला एक प्रकरण फार उपयोगी वाटतं. त्यात चोरी करणारा माणूस कोणी विद्यार्थी नव्हता. जगाला खरं-खोटं निवडून देणारी वेबसाइट त्यानेच उभी केली होती.

आधी छापण्यापूर्वी, मग छापल्यानंतर

‘फॅक्ट-चेकिंग’ हा शब्द आज आपण व्हायरल मेसेजच्या संदर्भात वापरतो, पण मुळात ते छापखान्याच्या अलीकडचं काम होतं. १९२३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिक निघालं तेव्हा मजकुरातली नावं, तारखा, आकडे तपासायला नॅन्सी फोर्ड यांना नेमलं गेलं. पुढे अनेक वर्षं हे काम प्रामुख्याने स्त्रियाच करत होत्या आणि त्यांची नावं लेखावर येत नसत. ‘न्यू यॉर्कर’ने १९२७ मध्ये एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीवर लेख छापला. त्यात चुका निघाल्या, आणि त्यानंतर तिथेही तपासणीची शिस्त आली.

या तपासणीचा वाचकाशी थेट संबंध नव्हता. ती घरातली गोष्ट होती. इंटरनेट आल्यावर मात्र दिशा उलटली. दुसऱ्याने सांगितलेलं, आधीच पसरलेलं तपासायचं आणि निकाल जाहीर करायचा, असं काम सुरू झालं. फॅक्टचेक डॉट ऑर्ग २००३ मध्ये, पॉलिटिफॅक्ट २००७ मध्ये सुरू झालं. पॉलिटिफॅक्टला तर २००९ मध्ये पुलित्झर मिळालं. पण या सगळ्यांच्या आधीचं नाव म्हणजे स्नोप्स.

गमतीतून उभी राहिलेली संस्था

डेव्हिड आणि बार्बरा मिकेलसन या अमेरिकन जोडप्याने १९९४ मध्ये ही साइट सुरू केली. दोघांनाही शहरी दंतकथांचा, म्हणजे ‘माझ्या मित्राच्या मित्राबरोबर घडलेलं’ अशा किश्श्यांचा नाद होता. ‘स्नोप्स’ हे डेव्हिड यांचं ऑनलाइन टोपणनाव, विल्यम फॉकनर यांच्या कादंबऱ्यांतल्या एका कुटुंबावरून घेतलेलं. पत्रकारितेशी दोघांचाही संबंध नव्हता.

आता गंमत बघा. या साइटवर एक विभाग मुद्दाम खोट्या कथांचा होता. टीव्हीवरचा बोलका घोडा ‘मिस्टर एड’ हा प्रत्यक्षात झेब्रा होता, असं तिथे अगदी गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं होतं. ‘स्नोप्सने सांगितलं म्हणजे खरंच’ असं मानू नका, हे वाचकाला शिकवणं हा त्यामागचा हेतू. लोकांनी त्यातल्या काही कथा खऱ्या मानून पुढे पाठवल्याच. म्हणजे अधिकारी स्रोतावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हा धडा साइटने स्वतःच दिला होता. पुढे तोच तिच्यावर उलटला.

२०२१ चं प्रकरण

ऑगस्ट २०२१ मध्ये बझफीड न्यूजने शोधबातमी छापली. २०१५ ते २०१९ या काळात डेव्हिड मिकेलसन यांनी ‘गार्डियन’, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांसारख्या वृत्तपत्रांतला मजकूर उचलून स्नोप्सवर टाकला होता, आणि असे ५४ लेख सापडले होते. काही त्यांच्या नावाने होते, काही नुसते ‘स्नोप्स कर्मचारी’ म्हणून, तर काही जेफ झारोनांडिया या नावाने. हा झारोनांडिया अस्तित्वातच नव्हता. त्याच्या परिचयात ‘नाणेशास्त्रासाठी पुलित्झर’ असं लिहिलं होतं, आणि असं पुलित्झर कधी कोणाला दिलं जात नाही.

पद्धत अशी : मोठी बातमी आली की दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा टाकून पान लगेच चालू करायचं आणि मग त्यात हळूहळू शब्द बदलत जायचं. त्यांनी स्वतःच सहकाऱ्यांना हे समजावून सांगितल्याचे अंतर्गत संदेश बाहेर आले. कारण उघड होतं. जो आधी पान टाकतो त्याच्याकडे वाचक जातात, आणि वाचकांमागे जाहिरातीचे पैसे.

मिकेलसन यांनी आरोप मान्य केला. आपण पत्रकारितेतून आलेलो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संस्थेने त्यांना संपादकीय कामातून बाजूला केलं, तिथल्या लेखकांनी जाहीर निषेध केला आणि अंतर्गत तपासात एकूण १४० लेख शंकास्पद ठरले. २०२२ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकला आणि ते बाहेर पडले.

चोरलेलं, पण खरं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उचललेला मजकूर बहुतांशी साध्या बातम्यांचा होता, स्नोप्सच्या खऱ्या-खोट्याच्या निवाड्यांचा नव्हे. त्यामुळे ‘स्नोप्सने चोरी केली, म्हणून स्नोप्सचे निष्कर्ष खोटे’ हा तर्क टिकत नाही. निष्कर्ष खरा की खोटा हे त्यामागच्या पुराव्यावर ठरतं, लिहिणाऱ्याच्या चारित्र्यावर नाही.

मग बिघडलं काय? बिघडली ती पुराव्याची साखळी. बातमीच्या मागे कोणी तरी घटनास्थळी गेलेलं असतं, कोणी फोन केलेला असतो. ‘गार्डियन’चं नाव असेल तर वाचक तिथपर्यंत माग काढू शकतो. नाव पुसलं की एकच माहिती दोन ठिकाणी दिसते आणि वाचकाला वाटतं, दोन स्वतंत्र स्रोत सांगतायत म्हणजे खरंच असणार. प्रत्यक्षात स्रोत एकच असतो. पहिल्या बातमीत चूक असेल तर तिची दुरुस्तीही नकलेपर्यंत पोहोचत नाही.

काल्पनिक लेखकामुळे तर माग काढायची वाटच बंद होते. इतिहासात आपण बखर वाचताना विचारतो : लिहिणारा कोण, केव्हा लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून? झारोनांडियाला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही.

पक्षपात मोजायचा कसा?

वाङ्मयचौर्य सिद्ध करणं त्या मानाने सोपं, दोन मजकूर शेजारी ठेवले की झालं. पक्षपाताचं तसं नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या एरिक ऑस्टरमायर यांनी २०११ मध्ये पॉलिटिफॅक्टच्या वर्षभरातल्या निकालांची मोजणी केली. दोन्ही पक्षांच्या तपासलेल्या विधानांची संख्या साधारण सारखी होती, पण सर्वांत खालच्या दोन श्रेणींतली सुमारे ७६ टक्के विधानं रिपब्लिकन नेत्यांची निघाली.

यातून पक्षपात सिद्ध होतो का? नाही. रिपब्लिकन नेते त्या काळात जास्त खोटं बोलले असतील, हेही तितकंच शक्य आहे. दुसरीकडे, तपासणाऱ्यांनी विधानं निवडतानाच झुकतं माप दिलं असेल, हेही शक्य आहे. विधानं यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नाहीत, त्यामुळे हा आकडा दोन्हीपैकी कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही. नमुना निवडीचा हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या प्रबंधात येतो.

२०१३ मध्ये जोसेफ उसिन्स्की आणि रायडन बटलर यांनी फॅक्ट-चेकिंगच्या पद्धतीवरच टीका केली : विधान कसं निवडता, एका वाक्यातले अनेक दावे कसे वेगळे करता, याचे ठोस निकष कुठे आहेत? मिशेल अमाझीन यांनी २०१५ मध्ये त्याला उत्तर दिलं. पुढे क्लोई लिम यांनी २०१८ मध्ये दोन तपासणी संस्थांची तुलना केली. दोघींनी तपासलेली समान विधानं फारच थोडी निघाली. सरळ खोट्या विधानांवर त्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं. ‘अर्धसत्य’ म्हणावं अशा मधल्या पट्ट्यात मात्र ते कमी होत गेलं. वाद खरा तिथेच आहे.

विश्वास आणि घाईचे निष्कर्ष

प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या पाहणीत ७० टक्के रिपब्लिकनांना वाटत होतं की तपासणारे एका बाजूला झुकतात. डेमोक्रॅट्समध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. इथे तारखा नीट बघा. पाहणी २०१९ ची, स्नोप्सचं प्रकरण उघड झालं २०२१ मध्ये. म्हणजे हा अविश्वास त्या चोरीमुळे आला, असं म्हणता येत नाही. तो आधीच होता आणि पक्षानुसार वाटलेला होता. चोरीने अविश्वास ठेवणाऱ्यांच्या हातात एक खरं उदाहरण दिलं, इतकंच.

जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेतला आपला फॅक्ट-चेकिंग कार्यक्रम बंद करण्याची घोषणा केली, तेव्हाही पक्षपाताचंच कारण दिलं गेलं. वरचं संशोधन वाचलेल्या माणसाला कळेल की ‘पक्षपाती आहेत’ हे वाक्य इतक्या सहज सिद्ध होत नाही. पण ‘अजिबात पक्षपाती नाहीत’ हेही होत नाही.

आपल्यासाठी

या प्रकरणातून तीन प्रश्न उचलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. (ही उचलेगिरी चालेल!)

१. हा दावा मूळ कोणाचा, आणि माझा वाचक तिथपर्यंत पोहोचू शकेल का? दुय्यम ग्रंथातून घेतलेला संदर्भ मूळ ग्रंथ वाचल्यासारखा दाखवणं सॉफ्टवेअर पकडत नाही, पण साखळी त्यानेही तुटते.

२. मला मिळालेले दोन स्रोत खरंच स्वतंत्र आहेत, की एकमेकांची नक्कल?

३. माझी उदाहरणं मी कशी निवडली? हे मी प्रबंधात लिहिलंय का?

साम्याचा अहवाल ९ टक्क्यांचा आला तरी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं चुकलेली असू शकतात. म्हणून ‘किती टक्के चालतं?’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं : टक्के गाईडला दाखवा, माग वाचकाला दाखवा.

पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या विषयातली उदाहरणं असतील तर जरूर कळवा.