पैज, प्रश्न आणि साक्षीचा ग्रंथ

संदर्भग्रंथांच्या इतिहासात एका चुकलेल्या नेमाला मानाचे स्थान आहे. १० नोव्हेंबर १९५१ रोजी आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात, स्लेनी नदीच्या काठच्या सखल प्रदेशात काही मंडळी पक्ष्यांच्या शिकारीला गेली होती. गिनेस या प्रसिद्ध बीअर-कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर त्यांत होते. आपल्याकडील चिखल्याच्या कुळातला 'गोल्डन प्लोव्हर' हा पक्षी त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यातून निसटून गेला. संध्याकाळी कॅसलब्रिज येथील यजमानांच्या वाड्यात यावरून वाद रंगला. शिकारीच्या पक्ष्यांत युरोपात सर्वांत वेगवान कोणता? हा, की तित्तिराच्या जातीचा रेड ग्राउस? संदर्भग्रंथांचा आधार घेऊ गेले, तर नेमके याच प्रश्नाचे उत्तर कोठे मिळेना.

असे प्रसंग घरोघरी घडतात आणि विसरले जातात. बीव्हर हे मात्र उद्योजक होते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्या काळी ऐंशी हजारांहून अधिक पब होते. पब म्हणजे तिकडचा गावचा पार आणि कोपऱ्यावरचे चहाचे दुकान, दोन्ही एकत्र. तेथे रोज रात्री असेच वाद होत असणार आणि ते मिटवणारा ग्रंथ नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कंपनीत नोकरीस असलेले धावपटू ख्रिस्तोफर चॅटवे यांनी नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांची नावे सुचविली. वृत्तपत्रांना खात्रीची माहिती पुरविण्याचा या बंधूंचा लंडनमध्ये व्यवसाय होता. १९५४ मध्ये एक हजार प्रती छापून फुकट वाटण्यात आल्या. २७ ऑगस्ट १९५५ रोजी १९८ पानांची पहिली रीतसर आवृत्ती बांधून तयार झाली आणि नाताळपर्यंत ती ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. 'गिनेस बुक ऑफ रेकॉर्ड्स' या नावाने पुढे जगभर गेलेला ग्रंथ तो हाच.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेचे सारे मर्म तीत आहे. प्रश्न कोणीही विचारू शकतो, उत्तरही आत्मविश्वासाने ठोकून देता येते. परंतु समोरच्याने 'कशावरून?' असे विचारले, की दाखवायला ग्रंथ लागतो. पैजेचा निकाल मोठ्या आवाजावर न लावता साक्षीवर लावण्याची सवय समाजाला कशी लागली, आणि ती मधूनमधून कशी मोडली, हाच या करमणुकीचा खरा इतिहास होय.

प्रारंभ नावापासूनच करावा. 'क्विझ' या शब्दाची एक गोष्ट प्रश्नमंजूषांतून आवडीने विचारली जाते. डब्लिनमधील डॅली नावाच्या नाट्यगृहचालकाने पैज मारली, की एक निरर्थक शब्द एका रात्रीत शहरभर रूढ करून दाखवीन. त्याने भिंतोभिंती 'क्विझ' असे लिहविले आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द सर्वतोमुखी झाला. ही घटना १७९१ ची सांगतात. गोष्ट गोड आहे, पण 'विक्षिप्त मनुष्य' या अर्थाने हा शब्द १७८२ पासूनच लेखनात आढळतो, म्हणजे पैजेच्या आधी नऊ वर्षे. 'परीक्षेचे प्रश्न' हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिकटला. 'ट्रिव्हिया' या शब्दाची कुळकथा मात्र खरी आहे. लॅटिनमध्ये 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, आपला तिठा. मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन प्राथमिक विद्यांना मिळून हेच नाव होते. प्राथमिक म्हणून सामान्य, सामान्य म्हणून क्षुल्लक, असा अर्थ घसरत गेला.

करमणूक म्हणून प्रश्नोत्तरांना घराघरांत नेले ते रेडिओने. १९३८ मध्ये अमेरिकेत 'इन्फर्मेशन प्लीज' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात नेहमीची रीत उलटी केलेली होती. श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे आणि विद्वानांनी उत्तरे द्यायची. विद्वान अडले तर श्रोत्याला बक्षीस. पुढे या बक्षिसात रोख रकमेबरोबर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संचही देण्यात येऊ लागला. पंडितांना निरुत्तर करणाऱ्या सामान्य माणसाच्या घरी ज्ञानकोश पोहोचावा, यात त्या काळच्या ग्रंथनिष्ठेची खूण दिसते.

दूरचित्रवाणीच्या आगमनाबरोबर बक्षिसे वाढली आणि त्याबरोबर मोहही वाढला. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात ५ डिसेंबर १९५६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन याने हर्बर्ट स्टेम्पेल या विजेत्याला हरविले. व्हॅन डोरेन राष्ट्राचा लाडका झाला आणि त्याने १,२९,००० डॉलर जिंकले. वस्तुतः दोघांनाही उत्तरे आधी पढविलेली होती. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर मिळालेला 'मार्टी' स्टेम्पेलला चांगला ठाऊक होता, तरीही ठरल्याप्रमाणे त्याने चुकीचे नाव सांगितले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सारे कबूल केले. १९६० मध्ये अशी फसवणूक गुन्हा ठरविणारी तरतूद कायद्यात झाली. येथे एकही उत्तर खोटे नव्हते हे लक्षात घ्यावे. खोटे होते ते जाणणे. विचार करताना कपाळावरचा घाम पुसणारा तो विद्वान आधी दिलेला धडा म्हणत होता, हे प्रेक्षकांना लागलेले शल्य होते.

ब्रिटनमध्ये या खेळाला निराळे वळण मिळाले. १९७२ मध्ये बीबीसीवर 'मास्टरमाइंड' सुरू झाले. त्याचे निर्माते बिल राइट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. अंधारी खोली, एकच खुर्ची आणि तोंडावर झोत ही मांडणी त्यांनी तेथील चौकशीच्या आठवणीवरून घेतली. तेथे पैशाचे बक्षीस नव्हते. विजेत्याला मिळे तो काचेचा चषक. पबमधील प्रश्नमंजूषेला व्यवस्थित रूप आले ते १९७६ मध्ये. शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये ३२ संघांच्या साखळी स्पर्धा सुरू केल्या. आठवड्यातल्या ज्या रात्री गिऱ्हाईक फिरकत नसे, त्या रात्री पब भरावे हा सरळ व्यापारी हेतू. परंतु दिवसभर कारखान्यात राबणारा माणूस इतिहास-भूगोलावर वाद घालू शकतो आणि पदवीधराला मागे टाकू शकतो, हे त्या टेबलाभोवती नित्य दिसू लागले.

याच सुमारास ग्रंथाच्या साक्षीची एक विलक्षण परीक्षा झाली. फ्रेड वर्थ या अमेरिकी गृहस्थाने १९७४ मध्ये किरकोळ माहितीचा एक कोश प्रसिद्ध केला. आपली मेहनत कोणी चोरली तर कळावे म्हणून त्याने त्यात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली. दूरचित्रवाणीवरील कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव 'फिलिप' असल्याचे त्याने लिहिले. तिकडे १५ डिसेंबर १९७९ रोजी माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांनी 'ट्रिव्हियल परस्यूट' या खेळाची कल्पना काढली. १९८४ या एका वर्षात उत्तर अमेरिकेत त्याचे दोन कोटींच्या आसपास संच खपले. त्यातल्या एका पत्त्यावर कोलंबोचे नाव 'फिलिप' असे होते! वर्थने तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळाच्या जनकांनी त्याचा कोश वापरल्याचे मान्य केले, परंतु इतरही अनेक ग्रंथ वापरल्याचे सांगितले. न्यायालयाने निर्णय दिला, की माहितीवर कोणाची मालकी नसते. वर्थ हरला. वाचकाने यातून एक बोध घ्यावा. छापलेले आहे एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. एका ग्रंथाची साक्ष दुसऱ्या, स्वतंत्र ग्रंथाशी ताडून पाहावी लागते. दहा पुस्तकांनी एकाच पुस्तकावरून उतरवून घेतले असेल, तर साक्षीदार एकच.

भारतात सार्वजनिक प्रश्नमंजूषेचा पाया १९६७ मध्ये कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी घातला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'मुळे हमीद सयानी यांचा, आणि १९७५ मध्ये त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी यांचा आवाज शाळकरी मुलांच्या कानी पडू लागला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचे 'क्विझ टाइम' आले. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारा मुंबईचा मराठी तरुण पहिला करोडपती ठरला. त्या घटनेने मराठी घरांतून अनेक पालकांनी मुलांच्या हाती सामान्यज्ञानाची पुस्तके ठेवली असतील.

परंतु उत्तरांना साक्ष पुरविण्याचे मोठे काम मराठीने त्याच्या कितीतरी आधी हाती घेतले होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागधारक आणि वर्गणीदार मिळवून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्धीस नेला. पाच प्रस्तावनाखंड आणि त्यानंतर अकारविल्हे मांडणी, असे एकूण तेवीस खंड. राजसत्तेचा आधार नसताना एका भाषेने आपल्या वाचकांसाठी केलेली ही तरतूद होती. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. आज विश्वकोश संगणकावरही वाचता येतो. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी मंडळींना या खंडांचे मोल अधिक आहे. जेथे शाळेची आणि कचेरीची भाषा दुसरी, तेथे जगाविषयीचा प्रश्न मराठीत विचारून मराठीतच त्याचे उत्तर मिळण्याचे ठिकाण म्हणजे ग्रंथालयाचे संदर्भकपाट.

ग्रंथाच्या साक्षीला काळाची मर्यादा असते, हेही विसरून चालणार नाही. १९८७ पूर्वीच्या पुस्तकात गोवा केंद्रशासित प्रदेश आहे. ३० मे १९८७ पासून ते राज्य आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३५ चे ३६ झाले. २००६ पूर्वी सूर्यमालेत नऊ ग्रह होते, आता आठ आहेत. एव्हरेस्टची उंची आपण पाठ केली ती ८,८४८ मीटर. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. ही जुनी पुस्तके खोटी नव्हेत. ती आपापल्या वर्षाशी प्रामाणिक आहेत. म्हणून संदर्भग्रंथाचे पहिले वाचण्याचे पान म्हणजे त्याच्या प्रकाशनाचे वर्ष छापलेले पान.

काही उत्तरे तर कोणत्याच वर्षी खरी नव्हती. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, या प्रश्नावर अनेक पिढ्यांनी 'हॉकी' असे उत्तर देऊन गुण मिळविले. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित झालेला नाही असे केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने कळविले. प्रश्नमंजूषा घेणाऱ्या हजारो जाणत्यांना जे सुचले नाही, ते त्या मुलीला सुचले. तिने फक्त 'कशावरून?' एवढे विचारले.

आता खिशातील यंत्र क्षणार्धात उत्तर देते, मग संदर्भकपाटाचे काय काम, असे विचारले जाते. उत्तर मिळण्याची घाई भागली, हे खरे. साक्षीची गरज मात्र उलट वाढली आहे, कारण वर्थने पेरलेल्या 'फिलिप'सारख्या नोंदी आज कोणी हेतुपूर्वक न पेरताही पसरतात आणि एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात.

शताब्दीच्या निमित्ताने आपल्या सभासदांसाठी प्रश्नमंजूषा व्हावी, असे अवश्य सुचवावेसे वाटते. मात्र तिला एक नियम असावा. प्रत्येक प्रश्नाच्या चिठ्ठीमागे उत्तराबरोबर ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठांक लिहिलेला असावा, आणि तो ग्रंथ त्या दिवशी टेबलावर मांडलेला असावा. एखाद्या सभासदाने उत्तराला आव्हान देऊन दुसऱ्या ग्रंथाच्या साक्षीने ते चूक ठरविले, तर दुप्पट गुण त्याला द्यावेत. कॅसलब्रिजच्या वाड्यात त्या रात्री जो ग्रंथ मिळाला नाही, तसे कित्येक ग्रंथ शंभर वर्षांत आपल्या पूर्वसूरींनी येथे जमविले आहेत. ते कपाटातून बाहेर काढण्यास एक पैज पुरेशी व्हावी.