ऑपरेशन गावात आलं, पांढरी काठी शहरातच राहिली

पारनेरला माझ्या आजीची नजर गेली ती काचबिंदूनं. मोतीबिंदू असता तर ऑपरेशनची सोय होती. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकते आणि ती पुन्हा जिवंत होत नाही. ‘आता काही होणार नाही’ असं सांगून एका दवाखान्यानं आम्हाला घरी पाठवलं. पुढची दोन वर्षं आजी कुणाचा तरी हात धरल्याशिवाय अंगणातही गेली नाही. काठीनं चालायला शिकवतात, प्रमाणपत्र मिळतं, हे आम्हाला कुणी बोललंच नाही.

एम.एस्सी.नंतर मी आरोग्यसेवांच्या इतिहासावर पीएच.डी. करायला घेतली. तेव्हा कळलं, की ही एकट्या दवाखान्याची चूक नाही. आपल्याकडे ‘डोळा वाचवणं’ आणि ‘दृष्टी गेलेल्या माणसाला सोबत करणं’ ही दोन कामं पहिल्यापासून वेगवेगळ्या वाटांनी गेली आहेत.

दुसरी वाट आधी सुरू झाली, तीही दुष्काळातून. १८९९-१९००च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला होता. उपासमारीत शरीरातलं ‘अ’ जीवनसत्त्व संपलं, की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा कोरडा पडून फुटतो. पण ‘अ’ जीवनसत्त्वाचा शोधच १९१३चा! १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, ती याच दुष्काळाच्या झळीत. याच मिशनचं मोठं केंद्र आपल्या नगरला होतं. शाळा मात्र मुंबईत झाली. पुढे १९०२ साली मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, १९३४ साली पुण्याची अंधशाळा, १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड. ब्रेल, काठी, हाताला काम शिकवणं, सगळं शहरात.

पहिली वाट गावात आली ती सरकारी कार्यक्रमातून. १९७० साली मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात झाली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्र होता. लाखो लोकांना त्यातून पुन्हा दिसू लागलं, हे विसरून चालणार नाही. पण यश मोजलं जायचं ऑपरेशनच्या आकड्यात. ज्याची नजर परत येणारच नाही, तो त्या आकड्यात कुठे बसणार?

म्हणून तुमच्या घरी असं कुणी असेल, तर ‘काही होणार नाही’ या वाक्यावर थांबू नका. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणीसाठी नगरच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागेल. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं, तर एसटीत सवलत मिळते. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत तो हिशेब मागा.

आजीला काठी आम्ही पुण्याहून आणली. आता ती एकटी मारुतीच्या देवळापर्यंत जाते. तिचा पहिला प्रश्न होता, ‘हे दोन वर्षांपूर्वी का नाही आणलं रे?’