सार्वजनिक कर्ज आणि चलनवाढ समायोजन

चलनवाढ समायोजित सार्वजनिक कर्ज म्हणजे शासनावरील कर्जाची चालू किमतींतील रक्कम किंमत निर्देशांकाच्या साहाय्याने एखाद्या आधारवर्षाच्या किमतींत रूपांतरित करून मिळणारा आकडा होय. दरवर्षी जाहीर होणाऱ्या रकमेस *नाममात्र कर्ज*, तर समायोजित रकमेस *वास्तविक कर्ज* म्हणतात.

गणनपद्धती

नाममात्र कर्जास आधारवर्षाच्या निर्देशांकाने गुणून संबंधित वर्षाच्या निर्देशांकाने भागले जाते. भारतात यासाठी ग्राहक किंमत निर्देशांक किंवा स्थूल देशांतर्गत उत्पादनाचा अवस्फीतिक वापरतात. चलनवाढीचा दर वार्षिक ६ टक्के असल्यास सुमारे १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. त्यामुळे स्थिर राहिलेल्या कर्जाचे वास्तविक मूल्य निम्म्यावर येते. याचा लाभ ऋणकोस व तोटा धनकोस होतो.

महाराष्ट्राचे उदाहरण

महाराष्ट्र शासनावरील कर्ज २०१४-१५ मध्ये सुमारे २.९४ लाख कोटी रुपये होते; २०२४-२५ च्या मूळ अर्थसंकल्पात ते सुमारे ७.८ लाख कोटी रुपये अंदाजिले होते. नाममात्र वाढ सुमारे २.६५ पट दिसते. याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे १.६ पट झाला, त्यामुळे वास्तविक वाढ साधारण १.६ पटच ठरते. स्थूल राज्य उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण मात्र सुमारे १६.५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास गेले. परतफेडीची क्षमता उत्पन्नावर अवलंबून असल्याने अर्थतज्ज्ञ या गुणोत्तरास अधिक महत्त्व देतात.

ऐतिहासिक उदाहरण : स्टर्लिंग शिल्लक

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून केलेल्या खरेदीचे मूल्य स्टर्लिंगमध्ये जमा होत गेले व युद्धाअखेर ही शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांवर पोहोचली. भारत हा ब्रिटनचा धनको बनला. पोलादपूरलगतच्या महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. या शिलकीविषयीच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. ऑगस्ट १९४७ च्या करारानुसार शिलकीचा मोठा भाग तत्काळ वापरता न येणाऱ्या खात्यात ठेवला गेला. त्यावरील व्याज अल्प होते आणि ब्रिटनमधील किमती वाढत होत्या. त्यामुळे पौंडांतील आकडा कायम असूनही त्यातून घेता येणारी यंत्रसामग्री कमी होत गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे डॉलरच्या तुलनेत ३०.५ टक्के अवमूल्यन झाले. रुपयाचेही तेवढेच अवमूल्यन केल्याने शिलकीचे रुपयांतील मूल्य बदलले नाही, परंतु डॉलरमधील क्रयशक्ती घटली.

मर्यादा

समायोजित आकडा आधारवर्ष व निर्देशांकाच्या निवडीनुसार बदलतो. परकीय चलनातील कर्जास देशांतर्गत निर्देशांक पुरेसा नसतो. तेथे विनिमय दरही विचारात घ्यावा लागतो.